बीबीसी मायक्रो ते एचडीएमआय, घरी बनवलेला अडॅप्टर: नऊ महिने वापरल्यावर

रोज नाही पण आठवड्यातून तीन-चार वेळा तरी मशीन चालू होतं आणि नऊ महिने झालेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

मशीन म्हणजे बीबीसी मायक्रो, ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात काढलेला घरगुती कॉम्प्युटर, ६५०२ प्रोसेसर, ३२ केबी मेमरी. आपल्याकडे १९८४ साली शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा क्लास प्रकल्प सुरू झाला त्यात हीच मशीनं आली, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स म्हणजे एससीएल या सरकारी चिप कंपनीने युनिकॉर्न नावाने इथेही बनवली. माझं एका शाळेच्या भंगारातून आलंय. कीबोर्ड धडधाकट, पण मॉनिटर कधीच गेलेला.

आता अडचण काय, की हे मशीन १५.६२५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १५,६२५ आडव्या ओळी, चित्र पाठवतं आणि साधा व्हीजीए मॉनिटर सुरूच ३१ च्या पुढे होतो. कॉम्पोझिट (सगळं चित्र एकाच वायरीतून) आउटपुट आहे पण ते मुळात ब्लॅक अँड व्हाइट. मी आधी तोच सोपा रस्ता धरला, ऑनलाइन मिळतो तो छोटा कॉम्पोझिट कन्व्हर्टर घेतला, तर चित्र असं की चष्मा विसरून बसल्यासारखं, आणि ८० कॉलमचा (ओळीला ८० अक्षरं) मजकूर तर वाचायचाच नाही, अंदाज करायचा. मग जुनी आर्केड गेम मशीनं दुरुस्त करणारे वापरतात तसला तयार बोर्ड आणला. त्याला ०.७ व्होल्टचा सिग्नल लागतो आणि बीबीसीचा आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींवर) ५ व्होल्ट टीटीएल, म्हणजे नुसता चालू-बंद सिग्नल, म्हणून प्रत्येक रंगाला ४७० ओहमचा रेझिस्टर लावला. रंग आले, पण उभ्या रेषा थरथरायच्या. दोन आठवडे सहन केलं आणि कपाटात टाकला.

शेवटी आरजीबी-टू-एचडीएमआय नावाचा हा अडॅप्टर बनवायला घेतला. डिझाइन ओपन सोर्स आहे, आत दोनच महत्त्वाच्या गोष्टी, रास्पबेरी पाय झीरो हा बोटभर कॉम्प्युटर (पुढे नुसता पाय) आणि झायलिंक्सची एक्ससी९५७२एक्सएल ही सीपीएलडी, म्हणजे आतलं लॉजिक आपण भरायची चिप. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यांना थेट ५ व्होल्ट दिले तर पाय गेलाच, म्हणून मधे ही चिप, तिला ५ व्होल्टचं काही वाटत नाही. ती पिक्सल गोळा करून पायला देते आणि पाय ते एचडीएमआयवर सोडतो. लिनक्स वगैरे काही नाही, काही सेकंदांत चालू, आणि शटडाऊनची भानगड नाही, सरळ स्विच बंद करा.

बाकीचे पार्ट पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळाले, पीसीबी म्हणजे कोरे सर्किट बोर्ड मागवले, कमीत कमी पाच घ्यावे लागतात. एकूण खर्च साडेतीन हजारांच्या आसपास, त्यात वाया घालवलेली एक चिप धरून.

ती चिपच खरी परीक्षा. ४४ पिना, दोन पिनांत ०.८ मिलीमीटर. फ्लक्स भरपूर लावून मी छान सोल्डर ओढलं, भिंगातून बघितलं, एकही शॉर्ट नाही, स्वतःवर खूश झालो आणि मग दिसलं की कोपऱ्यावरचा ठिपका भलतीकडेच आहे, चिप ९० अंशात फिरवून बसवलीये! गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे हॉट एअर आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘साहेब हे कुठल्या मोबाइलचं?’ म्हटलं चाळीस वर्षांच्या कॉम्प्युटरचं. ‘मग पैसे आधी द्या.’ चिप निघाली पण दोन पिना वाकड्या झाल्या, म्हणून दुसरी. बोर्ड वाचला हे नशीब.

पहिल्यांदा चालू केलं, ती ओळखीची टूं-टिंग झाली, चित्र त्यानंतर काही सेकंदांनी (पाय उठेपर्यंत), आणि सगळी पांढरी अक्षरं राणी कलरची. पांढऱ्यातून हिरवा गेला की राणी कलरच उरतो, म्हणजे सहा पिनांच्या डिन प्लगमधली हिरव्याची वायर सुटलेली. तेवढी जोडली आणि ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ पांढरंशुभ्र आलं. खरं सांगतो, हा मजकूर इतका कोरीव मी जुन्या ट्यूबच्या मॉनिटरवरसुद्धा बघितला नव्हता.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नल नेमका कधी वाचायचा ते जुळवणं, कारण बनवणाऱ्यांपैकी बरेच जण इथे वैतागतात. मशीनचे चित्राचे आठ प्रकार म्हणजे मोड, ० ते ७. मोड ० ते ६ ला पिक्सल क्लॉक (पिक्सल पाठवायचा वेग) १६ मेगाहर्ट्झ आणि अडॅप्टर सिग्नल बघतो ९६ ला, म्हणजे एका पिक्सलचे सहा तुकडे, त्यातल्या कुठल्या तुकड्यावर रंग वाचायचा ते ठरवायचं. अगदी कडेवर वाचला तर अक्षरांच्या बाजूने मुंग्या, म्हणजे वळवळणारे ठिपके, येतात. मेनूत ऑटो कॅलिब्रेट आहे, चांगलं चालतं, पण मी ते मशीन थंड असताना केलं आणि तासाभराने मुंग्या परत आल्या. आधी अर्धा तास तापू द्या, मग करा, सेव्ह करा. तेव्हापासून सहा महिने हात लावलेला नाही. मोड ७, तो टेलिटेक्स्टवाला (टीव्हीवर मजकुराची पानं दिसायची तसला), वेगळाच करावा लागतो, त्याची चिप निराळी आणि क्लॉकही निराळा.

मॉनिटर कुठला लावताय त्यावर बरंच आहे. माझ्याकडे ऑफिसातून काढून टाकलेला १९ इंची चौकोनी आहे, १२८० बाय १०२४. मोड ० म्हणजे ६४० बाय २५६, आडवं दुप्पट उभं चौपट, बरोबर पूर्ण स्क्रीन, एक ओळ कमी ना जास्त. एचडीएमआय-डीव्हीआय केबलने चालतो आणि ५० हर्ट्झ, म्हणजे बीबीसी पाठवतो तशी सेकंदाला ५० चित्रं, घेतो. नवीन रुंद मॉनिटरने मात्र ५० ला ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून पाटी लावली, ६० वर चालवला तर चित्र स्वच्छ पण गेममध्ये स्क्रोल होताना बारीक हिसके बसतात. गेम खेळायचे असतील तर मॉनिटर ५० घेतो का हे आधी बघा, अडॅप्टर नंतर बनवा.

तक्रारी म्हणाल तर दोन. सुरुवातीला पायला करंट मशीनच्या डिन सॉकेटमधल्या ५ व्होल्टवरूनच दिला होता, माझी वायर बारीक होती, मधेच रिस्टार्ट व्हायचा. जाड वायर टाकल्यावर बंद झालं. दुसरं, पावसाळ्यात परत एक दिवस राणी कलर, प्लगमध्ये वायरला ताण बसत होता. आता आत केबल टाय आवळलाय.

आणि चौथ्या महिन्यात धूर निघाला, पांढरा, घाणेरडा वास, मी आधी अडॅप्टरच उपटला. तो बिचारा ठणठणीत होता, गेला होता मशीनच्या पॉवर सप्लायमधला जुना कागदी फिल्टर कपॅसिटर. हे या वयाच्या मशीनात होतंच, तुमच्याकडे असेल तर चित्राच्या मागे लागण्याआधी तो बदलून घ्या, आणि आत २३० व्होल्ट असतात तेव्हा सवय नसेल तर जाणत्याकडून.

पाचातले चार बोर्ड ड्रॉवरमध्ये पडलेत. कुणाला हवा तर नुसत्या कुरिअरच्या पैशात देईन, चिप मात्र तुमची तुम्ही बसवायची.