आर बटण, पाऊस आणि बारा गाणी : ‘ओकारिना ऑफ टाइम’ सहा महिने खेळल्यावर

पोळ्याच्या आठवड्यात जुना निन्टेन्डो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम-कन्सोल, घेतला, सोबत ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या गेमची कार्ट्रिज. आता होळी आली. गेम एकदा पूर्ण झाला, दुसऱ्यांदा अर्ध्यावर आहे. नवा कन्सोल परवडत नव्हता हे खरं, पण दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात जुनाच बरा पडला. गेम मूळ १९९८चा, थ्रीडीएसवर आला २०११ साली. कार्ट्रिज घातली की झालं, नेट लागत नाही. आमच्याकडे रेंज पाहायला घराच्या धाब्यावर चढावं लागतं.

खेळलो बहुतेक शेतातच. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइन रात्रीची. स्प्रिंकलरचे पाइप दर तीन तासांनी बदलायचे आणि मधला वेळ मोटरच्या खोलीत काढायचा. बॅटरी एका पाळीला पुरते, दुसऱ्या पाळीच्या मध्यावर लाल दिवा.

आता मुद्द्याचं. या गेममध्ये तलवार आहे, धनुष्य आहे, बॉम्ब आहेत, पण मला धरून ठेवलं ते गाण्यांनी. गेमचा नायक लिंक, त्याच्या हातात ओकारिना हे फुंकून वाजवायचं वाद्य असतं. जत्रेतली मातीची शिट्टी मोठी करून तिला भोकं पाडली तर दिसेल तसं. सूर पाचच, आणि थ्रीडीएसवर ते पाच बटणांवर : एल, आर, वाय, एक्स, ए. यादीतून नाव निवडलं की गाणं आपोआप वाजलं, असं इथे होत नाही. एकेक सूर आपण दाबायचा. विसरलात तर मेनूत बटणं लिहिलेली दिसतात, पण आठवड्याभरात बोटांनाच पाठ होतं. सुरुवातीची सहा गाणी सोपी, कारण प्रत्येकात तीन सूर दोनदा. एक्स-ए-वाय, एक्स-ए-वाय म्हणजे राजकन्या झेल्डाची अंगाई. तेच तीन सूर उलटे-पालटे करून ए-एक्स-वाय दोनदा वाजवलं की लिंकची घोडी इपोना धावत येते. दोन गाण्यांत फरक फक्त क्रमाचा, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी घोडीला बोलावताना अंगाईच म्हणत होतो.

पोळ्याला आमच्याकडे झडत्या (बैलांपुढे म्हणायची गाणी) म्हणतात आणि तोरण तुटलं की बैल सुटतात. लहानपणी मला खरंच वाटायचं की झडतीच्या जोरानेच तोरण तुटतं. या गेमची गाणी तशी आहेत. म्हटलं की काहीतरी होतं. सूर्याचं गाणं वाजवलं की दिवसाची रात्र होते, आणि तेच गाणं थडग्यातल्या मढ्यांसमोर वाजवलं तर ती जागच्या जागी थिजतात. सारियाचं गाणं एका रुसलेल्या दगडी राजाला ऐकवायचं असतं. तो डारुनिया जो नाचायला लागतो, त्यावर माझा भाचा लोळून हसला. “मामा, थांब नं, पुन्हा वाजव, बुढा नाचून रायला!”

सगळ्यात भारी ‘साँग ऑफ स्टॉर्म्स’. एल-आर-ए, एल-आर-ए, की आभाळ भरून पाऊस. पण खरी गंमत ते गाणं मिळतं कुठून यात आहे. गेममध्ये लिंक सात वर्षं पुढे-मागे जाऊ शकतो. मोठा झालेला लिंक पवनचक्कीत जातो, तर तिथला बाजावाला चिडलेला. सात वर्षांपूर्वी एक पोट्टं आलं आणि हे गाणं वाजवून चक्की भन्नाट पळवून गेलं म्हणे. त्याच्याकडून गाणं शिकायचं, मग लहान होऊन मागच्या काळात जायचं आणि तेच गाणं त्याच चक्कीत वाजवायचं. चक्की सुटते, गावची विहीर आटते आणि खाली उतरायची वाट मोकळी होते. म्हणजे ते पोट्टं आपणच. मग गाणं पहिल्यांदा रचलं कोणी? भाच्याने दोन दिवस डोकं खाल्लं, मला उत्तर देता आलं नाही.

हे गाणं मी एकदा ओसरीत आवाज वाढवून वाजवलं. आई वेचलेला कापूस गाठोड्यात बांधत होती. स्क्रीनवरचा पाऊस पाहून म्हणाली, “वेचणीच्या दिवसांत हे कायले वाजवतं रे बाप्पा, बंद कर.” शेतातही तेच. शेजारच्या धुऱ्यावरून काका बॅटरी मारत आले आणि म्हणाले, “रातचं असं फुकू नाई, सरप येते.” तेव्हापासून शेतात इअरफोन.

वॉटर टेम्पल या गेममधल्या पाण्याच्या देवळाला सगळे शिव्या घालतात. मला ते आवडलं. तिथे पाणी तीन पातळ्यांवर असतं आणि ठरावीक जागी अंगाई वाजवली की त्या जागेची पातळी येते. आता पाणी खाली आहे, तर वरचं दार हाताला लागेल का? वर घेतलं तर खालची वाट बुडेल का? हे गणित मी चेंबर आणि व्हॉल्व्हपाशी रोज करतो. शिवाय या आवृत्तीत पातळी बदलायच्या जागांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतीवर काढले आहेत आणि पाण्याच्या तळाशी नेणारे लोखंडी बूट बटणावर ठेवता येतात, त्यामुळे मूळ गेमइतका छळ होत नसावा.

एका ठिकाणाहून दुसरीकडे उडून जायची सहा गाणी मात्र मी धड पाठ केली नाहीत. कामाची आहेत, चाली सुरेख आहेत (संगीत कोजी कोन्डोंचं), पण लांबीला पाच ते आठ सूर. आणि एक वैताग : आपण बरोबर वाजवलं की गेम तेच गाणं पुन्हा स्वतः वाजवून दाखवतो. पहिल्या महिन्यात छान वाटतं. तिसऱ्या महिन्यात, पाण्याची पातळी दहाव्यांदा बदलताना, कन्सोल हरभऱ्यात फेकावासा वाटतो.

तेरावं गाणं आपलं आपण करायचं असतं. तळ्याकाठी एक बुजगावणं उभं आहे, त्याला आठ सूर ऐकवायचे. लिंक मोठा झाल्यावर तेच आठ सूर जसेच्या तसे वाजवले की पुढे अडचणीच्या जागी बुजगावणं उगवतं आणि साखळीचा आकडा टाकून वर जाता येतं. मी भुलाबाईच्या एका गाण्याची चाल बसवायला गेलो, पाच सुरांत ती काही केल्या बसेना. शेवटी जे वाजलं ते ठेवलं आणि खताच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं. युरियाच्या गोण्यांखाली अजून ‘ए ए वाय एक्स’ दिसतं, वडिलांनी विचारलं तेव्हा काहीतरी थाप मारली.

कन्सोलबद्दल एकच तक्रार, पण मोठी. विकणाऱ्याने “एकदम ओके” म्हणून दिला आणि महिन्याभरात आर बटण दाबलं तरी लागेना. दुसऱ्या गेममध्ये चाललंही असतं, इथे आर हा सूर आहे. अंगाई आणि घोडीचं गाणं वाजायचं, पाऊस मात्र पडेना. आगीच्या डोंगरात नेणाऱ्या ‘बोलेरो’त तर आठपैकी चार सूर आरचे, ते एकदाही पूर्ण झालं नाही. यवतमाळला एका मोबाइलवाल्याने उघडून साफ केलं, दीडशे रुपये घेतले. आता लागतं, पण दाबायला अंगठ्याएवढा जोर पाहिजे. जुना घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच गेम सुरू करून आर दाबून पाहा. त्याच बटणाने ढाल वर येते. दहा वेळा दाबा, दहाही वेळा आली पाहिजे.