पूर ओसरल्यावर पायाखालची जमीन: फोर्ट कॅल्हून अणुकेंद्राच्या मूल्यांकन सेवेचे परीक्षण

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहराच्या उत्तरेस, मिसुरी नदीच्या अगदी काठावर फोर्ट कॅल्हून हे एकाच अणुभट्टीचे वीजकेंद्र होते. 1973 मध्ये ते व्यापारी तत्त्वावर सुरू झाले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये कायमचे बंद झाले. 2011 च्या उन्हाळ्यात मिसुरीचे पाणी या केंद्राभोवती कित्येक आठवडे साचून राहिले. ते ओसरल्यावर केंद्राची मालक असलेल्या ओमाहा पब्लिक पॉवर डिस्ट्रिक्ट या सार्वजनिक वीज संस्थेने एचडीआर या अभियांत्रिकी सल्लागार संस्थेकडून तेथील इमारती, त्यांचे पाये आणि त्याखालची जमीन यांचे सविस्तर मूल्यांकन करून घेतले. हे परीक्षण त्या सल्लासेवेचे आहे. असे काम बहुधा ग्राहक आणि सल्लागार यांच्या कपाटात बंद राहते. येथे मात्र ते अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगापुढे गेल्यामुळे सर्वांना वाचता येते, आणि नदीकाठच्या प्रकल्पाची जोखीम कशी तपासावी हे शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे असे मला मनापासून वाटते. या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण कामाच्या दर्जासाठी नाही, कामाच्या व्याप्तीसाठी आहे.

मुळात पुराची पातळी ठरवण्याचे काम या सल्लागारांकडे नव्हते. ते आधीच झालेले होते, आणि त्याची कथा समजून घेतल्याशिवाय पुढील कामाचे मोल कळत नाही. केंद्राची जमीन समुद्रसपाटीपासून 1004 फूट उंचीवर आहे, तर संरक्षण 1014 फुटांपर्यंतच्या पुरापासून असणे अपेक्षित होते. नियामक आयोगाच्या निरीक्षकांनी हा आकडा मान्य केला आणि त्यापुढचा प्रश्न विचारला: त्या उंचीपर्यंत पाणी अडवणार कसे? उत्तर असे होते, की पूरदरवाजांच्या वर वाळूच्या गोण्या रचायच्या. ज्या दरवाजांच्या माथ्याची जाडी जेमतेम अर्धा इंच आहे, त्यांवर कित्येक फूट गोण्या टिकणार नाहीत, असा निष्कर्ष निरीक्षकांनी काढला. सुरुवातीला केंद्रचालकांचे मत वेगळे होते, परंतु ऑक्टोबर 2010 मध्ये आयोगाने या त्रुटीला ‘पिवळी’ श्रेणी दिली. हिरवा, पांढरा, पिवळा आणि लाल या चढत्या क्रमातील ही लालच्या खालोखालची गंभीर श्रेणी होय. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या आणि काही महिन्यांतच पूर आला. महाराष्ट्रात आपण निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखतो आणि बांधकाम रेषेच्या कोणत्या बाजूला आहे एवढ्यावर बरेचदा समाधान मानतो. रेषा हवीच, पण त्या रेषेपर्यंत पाणी आल्यावर कोणता माणूस, कोणत्या साधनाने, किती तासांत काय करणार, हे प्रत्यक्ष उभे राहून तपासणारा निरीक्षक त्याहून अधिक हवा.

2011 चा पूर एका रात्रीचा नव्हता, ही गोष्ट भूजलाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. डोंगरातील मोठ्या हिमसाठ्यावर मे महिन्यात मोंटानामध्ये विक्रमी पाऊस पडला, मिसुरीवरील सहा मोठ्या धरणांची साखळी भरली, आणि सर्वांत खालच्या गॅव्हिन्स पॉइंट धरणातून सेकंदाला 1 लाख 60 हजार घनफूट, म्हणजे 1 लाख 60 हजार क्युसेक, इतका विसर्ग करावा लागला. त्याआधीचा उच्चांक 1997 मधील 70 हजार क्युसेकचा होता. केंद्राजवळ नदी 1007 फुटांच्या किंचित खालपर्यंत चढली. याचा अर्थ जमिनीवर सुमारे तीन फूट पाणी आले आणि ते आठवडे आठवडे हलले नाही. अणुभट्टी इंधनबदलासाठी एप्रिलपासूनच बंद होती, हे सुदैव. 26 जूनच्या पहाटे यंत्राचा धक्का लागून इमारतींभोवतीचा पाण्याने भरलेला आठ फूट उंचीचा रबरी बांध फाटला, पाणी मुख्य इमारतींच्या भिंतींना टेकले आणि काही तास आपत्कालीन डिझेल जनित्रांवर काम चालवावे लागले. पुढील तपासण्यांत पूरपातळीच्या खाली भिंतींतून जाणाऱ्या केबल आणि नळ्यांची काही भोके नीट बुजवलेली नसल्याचेही आढळले. हा दोष फोर्ट कॅल्हूनपुरता नाही. डिसेंबर 1999 मध्ये फ्रान्समधील जिरोंद खाडीकाठच्या ब्लायए केंद्रात वादळाने पाणी भूमिगत मार्गिकांतून आत शिरले होते, आणि जून 1994 मध्ये गुजरातेतील काक्रापार येथे मोतीचेर तलावाचे पाणी टर्बाइन इमारतीच्या तळघरात पोहोचले होते. पूर बहुधा दरवाजातून येत नाही.

आता मुख्य सेवेकडे वळू. सल्लागारांपुढचा प्रश्न वरवर साधा होता: इतके दिवस पाण्यात राहिल्यामुळे जमिनीला आणि पायांना इजा झाली आहे का? त्यांनी भिंतींतील भेगा मोजून उत्तर दिले असते, तरी कागदोपत्री काम पूर्ण झाले असते. त्याऐवजी त्यांनी उलट दिशेने सुरुवात केली. पूर जमिनीला कोणकोणत्या मार्गांनी बिघडवू शकतो याची आधी यादी केली: काठाची धूप, जमिनीच्या आत वाहणाऱ्या पाण्याबरोबर माती वाहून जाणे, तळाला वरच्या दिशेने बसणारा पाण्याचा दाब, नदी वेगाने उतरताना काठ घसरणे, वाळूची ताकद जाणे, पहिल्यांदा भिजलेल्या भरावाचे खचणे, फुगणारी चिकणमाती, यंत्रांच्या कंपनांचा परिणाम, आणि तळाच्या चुनखडीतील पोकळी कोसळणे. मग प्रत्येक इमारत आणि प्रत्येक कारण यांची सांगड घालून, ‘हे येथे घडू शकते का, आणि घडले असेल तर कोणती खूण दिसायला हवी’ असे विचारले. ज्या जोड्या तर्काने बाद होत होत्या त्या कारण लिहून बाद केल्या, आणि उरलेल्यांसाठी मोजणी केली: इमारतींच्या पातळ्यांचे सर्वेक्षण, बोअर, काठावरील जमिनीची बाजूची सरक मोजणारे इन्क्लिनोमीटर, भूजलाची पातळी, जमिनीखालचा पोकळपणा शोधणारे रडार आणि भूकंपलहरींवर आधारित चाचण्या.

या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक संभाव्य बिघाडाला त्यांनी दोन निकष लावले. पहिला नेहमीचा, म्हणजे धोका किती आणि त्याचे परिणाम किती गंभीर. दुसरा निकष असा, की हे मत देण्याइतकी माहिती आपल्याजवळ आहे का. ‘धोका कमी, आणि माहिती पुरेशी’ हा एक निष्कर्ष झाला. ‘धोका कमी वाटतो, पण माहिती अपुरी’ हा पूर्णपणे दुसरा निष्कर्ष, आणि दुसऱ्या रकान्यात पडलेल्या प्रत्येक बाबीसाठी पुढचे मोजमाप सुचवायचे. आपल्याकडील जमीन तपासणीच्या कितीतरी भूतांत्रिक अहवालांत ‘जमीन सुरक्षित आहे’ हे वाक्य ठामपणे येते. ते वाक्य दोन बोअरवर उभे आहे की वीस, हे वाचणाऱ्याला कळत नाही. स्वतःच्या मताचा आधार इतक्या उघडपणे मांडणारा सल्लागार ग्राहकाला थोडा अस्वस्थ करतो, पण तीच खरी सेवा आहे.

भूजलाचा भाग वाचताना आपल्याकडच्या नदीकाठच्या विहिरी डोळ्यांसमोर आणाव्यात. नदी चार दिवसांत उतरते, विहीर मात्र पुढे कितीतरी दिवस काठोकाठ भरलेली राहते. तसेच येथे घडते: नदीची पातळी खाली जाते, पण काठाच्या वाळूत आणि गाळात साठलेले पाणी मागे राहते आणि नदीकडे ओढ घेऊ लागते. म्हणजे जमिनीच्या दृष्टीने धोक्याचा काळ पूर ओसरताना सुरू होतो. ओसरत्या पाण्यासोबत मातीचे बारीक कण निघून गेले तर वरचा काँक्रीटचा थर जागच्या जागी, अगदी अखंड दिसतो, आणि त्याच्याखाली पोकळी वाढत जाते. फोर्ट कॅल्हूनला तीन जागा सल्लागारांनी विशेष लक्षणे म्हणून वेगळ्या काढल्या. टर्बाइन इमारतीच्या तळघराच्या फरशीखालच्या निचऱ्याच्या नळ्या फुटलेल्या होत्या. भूजल त्या फटींतून नळीत शिरत होते, संपमधला, म्हणजे पाणी गोळा होण्यासाठी तळाशी केलेल्या खड्ड्यातला, पंप ते बाहेर फेकत होता, आणि पाण्याबरोबर फरशीखालची माती थोडीथोडी जात होती. दुसरी जागा म्हणजे नदीतून पाणी घेणाऱ्या इमारतीजवळची फरसबंद मोकळी जागा, जिथे जमीन खचल्याच्या खुणा होत्या. तिसरी जागा दुरुस्ती कार्यशाळेची. तिथल्या खांबांचे पाये बसले होते.

पहिल्या लक्षणाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण त्यातच या कामाचा गाभा आहे. फुटक्या नळीचा आणि पंपाचा हा खेळ पुराने सुरू केलेला नव्हता. तो आधीपासून चालू होता. पुराने बाहेरची भूजलपातळी फुटांनी वाढवली, त्यामुळे नळीच्या आत आणि बाहेर असलेल्या दाबांतला फरक वाढला आणि माती वाहून नेण्याची ताकदही वाढली. तळघर कोरडे ठेवण्यासाठी बसवलेला पंप, ज्याच्याकडे सर्वजण संरक्षणाचे साधन म्हणून पाहतात, तोच पायाखालची माती उपसू शकतो, हे या अहवालाने सोप्या कार्यकारणभावाने दाखवले. नदीकाठी तळघर आणि संप असलेल्या कोणत्याही पंपघराला, जलशुद्धीकरण केंद्राला किंवा औष्णिक केंद्राला हे जसेच्या तसे लागू आहे. उपसलेल्या पाण्यात वाळू येते का, एवढे जरी नियमित पाहिले आणि वहीत लिहिले, तरी बरेच काही हाती लागते.

भूस्तराबाबतचे काम तुलनेने लवकर आटोपते, आणि ते योग्यच आहे. केंद्राखाली नदीने आणलेल्या वाळू आणि गाळाचा जाड थर, आणि त्याखाली चुनखडी व शेल (चिकणमाती घट्ट होऊन बनलेला थरांचा खडक) यांचा खडक अशी रचना आहे. अणुभट्टीचे कवच आणि सुरक्षेशी निगडित मुख्य इमारती खडकापर्यंत उतरवलेल्या पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर, उभ्या होत्या, त्यामुळे वरच्या वाळूची काही माती गेली तरी त्यांचा भार खडकावरच राहत होता. कार्यशाळेसारख्या दुय्यम बांधकामांची गोष्ट वेगळी. लक्षणे ठळकपणे तिथे दिसली, यात आश्चर्य नाही. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळून पोकळ्या होतात म्हणून तो मुद्दा स्वतंत्रपणे विचारात घेतला गेला, हे चांगलेच झाले. मात्र चुनखडीतील पोकळी भूवैज्ञानिक काळात तयार होते, तर नळीभोवतीची पोकळी एका पावसाळ्यात. सल्लागारांनी आपला वेळ दुसरीवर अधिक खर्च केला, आणि तो निर्णय मला पटतो.

आता तक्रारी. अहवाल इमारतीनिहाय लिहिल्यामुळे तोच मजकूर पुन्हापुन्हा येतो, आणि महत्त्वाचे वेगळे वाक्य शोधण्यासाठी वाचकाला पानेच्या पाने चाळावी लागतात. नियामकाला प्रत्येक प्रकरण स्वयंपूर्ण हवे असते हे खरे, तरी सुरुवातीला इमारतींमधला फरक दाखवणारा एखादा मोठा तक्ता पुढे केला असता, तर केंद्रावर काम करणाऱ्या माणसालाही तो उपयोगी पडला असता. परंतु माझी खरी तक्रार व्याप्तीबद्दल आहे. ‘या पुराने काय बिघडवले’ एवढेच काम दिले गेले. ‘यापेक्षा उंच किंवा यापेक्षा लांबलेल्या पुरात हीच जमीन कशी वागेल’ हे दिले गेले नाही. जपानमधील फुकुशिमा अणुअपघातानंतर मार्च 2012 मध्ये नियामक आयोगाने सर्व केंद्रांकडून पुराच्या धोक्याचे फेरमूल्यांकन मागवले, त्यात वरच्या धरणांच्या फुटण्याचा विचारही येतो, आणि मिसुरीच्या बाबतीत तो विचार गंभीर आहे: फोर्ट पेक धरणाचा मोठा भाग 1938 मध्ये बांधकाम चालू असतानाच शेलच्या दुबळ्या थरावरून घसरला होता. पण नदीच्या पातळीचे गणित एका कामात आणि जमिनीच्या वागणुकीचे दुसऱ्या कामात अशी वाटणी झाली, की दोन्हींच्या मधला प्रश्न, म्हणजे पाणी किती दिवस राहील आणि किती वेगाने उतरेल, कोणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही. जमिनीसाठी उंचीइतकेच हे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. हा दोष एचडीआरचा नाही. काम मागणाऱ्याने प्रश्न तेवढाच विचारला होता.

ही सेवा आपल्याकडे कोणाच्या कामाची? पहिले नाव काक्रापारचेच येते. तापी खानदेशातून वाहत जाऊन उकाई धरणात साठते आणि काक्रापार त्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथे 700 मेगावॅटच्या दोन नव्या अणुभट्ट्याही आता चालू आहेत. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईच्या विसर्गाने सुरत शहर बुडाले, तेव्हा धरणाखालच्या नदीची पातळी पावसाइतकीच दारे उघडण्याच्या निर्णयावर कशी अवलंबून असते हे सर्वांनी पाहिले. अशा ठिकाणी काम मागवताना माझी विनंती एवढीच, की निविदेत पूरपातळीसोबत पाणी साचण्याचा कालावधी आणि ओसरण्याचा वेग हेही गृहीत म्हणून लिहून द्यावेत. प्रत्येक निष्कर्षापुढे माहिती पुरेशी आहे की अपुरी, हे नोंदवणे सल्लागारावर बंधनकारक करावे. आणि सर्वांत आधी, पूर नसतानाच्या कोरड्या दिवसांत, इमारतींच्या पातळ्या, निरीक्षण विहिरींतले पाणी आणि निचऱ्याच्या नळ्यांचे आतून घेतलेले चित्रीकरण यांची एक आधारनोंद करून ठेवावी, कारण ती नसेल तर पुरानंतर दिसलेली भेग जुनी की नवी, यावरच निम्मा वाद खर्च होतो.