ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं टेनेमेंट म्युझियम: एका नर्सच्या नजरेतून

97, ऑर्चर्ड स्ट्रीट, मॅनहॅटन, न्यूयॉर्क. 1863 साली भाड्याने द्यायला बांधलेली ही इमारत, म्हणजे टेनेमेंट. 1935 साली मालकाने भाडेकरू काढले आणि वरचे मजले बंद करून टाकले. त्यामुळे भिंतींवरच्या कागदाचे थरसुद्धा तसेच राहिले. 1988 साली स्थापन झालेलं टेनेमेंट म्युझियम आज याच इमारतीत आहे. आपलं आपण आत फिरता येत नाही. ठरलेल्या वेळेच्या फेरीत, मार्गदर्शकाबरोबरच जायचं. मला ही पद्धत फार आवडली, कारण या खोल्या नुसत्या बघून कळत नाहीत, त्या कोणीतरी समजावून सांगाव्या लागतात.

मी परळच्या चाळीत वाढले. आता जर्सी सिटीत राहते आणि नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे. तेव्हा माझं लक्ष कुठे गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. एका बिऱ्हाडाला तीन खोल्या, मिळून साधारण 325 चौरस फूट. त्यातली रस्त्याकडची एकच खोली उजेडाची. मधल्या भिंतीला खिडकी पाडलेली, आतल्या अंधारात थोडी हवा जावी म्हणून. संडास मागच्या अंगणात होते, इमारतीच्या आत ते 1905 मध्ये आले. बाळंतिणीने रात्री-अपरात्री चार-पाच जिने उतरून जायचं! जिन्यात उभी राहून मी बराच वेळ त्याच विचारात होते.

मूर या आयरिश कुटुंबाचं बिऱ्हाड 1869 साली इथे होतं. त्यांची ॲग्नेस पाच महिन्यांची होऊन गेली. कारण नोंदलं गेलं ते मॅरास्मस, म्हणजे बाळ खंगत जाणं. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्टीतल्या चोथ्यावर पोसलेल्या गाईंचं दूध सर्रास विकलं जायचं, ते पांढरं दिसावं म्हणून त्यात खडूची भुकटीही घालत. बाहेरच्या दुधावरच्या बाळाला उन्हाळ्यात जुलाब लागले की फार काही करता यायचं नाही. मार्गदर्शक बाईंनी हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. आमच्यातलं कोणी मध्ये बोललं नाही.

याच इमारतीत पुढे रशियन साम्राज्यातून आलेली ज्यू कुटुंबं राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा भाग जगातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक होता. गर्दी, अंधार, शिवणकामाचे कारखाने घरातच. असल्या वस्तीत मुलं सगळ्यांत जास्त दगावायला हवी होती. पण तसं झालं नाही. ज्यू मोहल्ल्यांतला बालमृत्यूचा दर शेजारच्या इटालियन आणि आयरिश वस्त्यांपेक्षा कमी राहिला. अमेरिकी सरकारच्या चिल्ड्रन्स ब्यूरोने 1911 ते 1916 दरम्यान आठ शहरांत घरोघरी चौकशी केली होती. त्यात न्यूयॉर्क नव्हतं, पण चित्र तेच निघालं. सगळी मुलं मिळून हजारी सुमारे 111 बाळं पहिल्या वर्षात गेली, ज्यू आयांची सुमारे 54.

हा फरक कशामुळे, याचं उत्तर शोधताना एका खाजगी वाटाड्याबरोबर पायी सहलही केली. त्याचं नाव लिहीत नाही. सुएर्ड पार्कपासून हेस्टर स्ट्रीटमार्गे मलबेरी स्ट्रीटपर्यंतचा रस्ता त्याने छान निवडला होता. हातगाड्यांचा बाजार कुठे भरायचा तेही नीट दाखवलं. पण मृत्यूदराचा विषय मी काढला तेव्हा त्याने एका वाक्यात निकाल लावला: कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे खाणं, आणि धर्माने सांगितलेली स्वच्छता, बस. पुढे चला. हे मला पटलं नाही, आणि पैसे मोजून ऐकावं असं तर मुळीच नाही. जेवणाआधी हात धुण्याचा फायदा झाला असेल, नाही कशाला म्हणू? पण हातगाडीवरचं दूध धर्माने शुद्ध होत नाही.

माझ्या मते पहिलं कारण अंगावरचं दूध. ज्यू आया बाळांना बराच काळ पाजत राहायच्या. बाटलीच्या बाळांचा मृत्यूदर अंगावर पिणाऱ्यांच्या कित्येक पट होता, हेही त्याच सरकारी चौकशीत दिसलं. लग्नानंतर या बायका कारखान्यात कमी जायच्या, बहुतेक काम घरीच, त्यामुळे पाजणं जमायचं. पुष्कळ कुटुंबं आधीपासून गावं-शहरांतल्या दाट वस्तीत राहिलेली, म्हणजे गर्दीची सवय असलेली, आणि कायमची राहायला आलेली. एकाच गावच्या लोकांची मंडळं होती, ती वर्गणीतून डॉक्टर ठेवायची. शिवाय 1893 पासून नेथन स्ट्रॉस यांच्या केंद्रांवर पाश्चराइझ केलेलं दूध मिळू लागलं. त्याच वर्षी लिलियन वॉल्ड यांनी याच भागात घरोघर जाणाऱ्या नर्सेसचं काम सुरू केलं. दूधकेंद्रं आणि नर्सेस इतरांसाठीही होत्या, म्हणून सगळा फरक त्यांच्या खाती टाकता येत नाही. पण माझ्या पेशाच्या बायका त्या जिन्यांवरून बॅगा घेऊन चढल्या, हे आठवून मला अभिमान वाटतो.

मोठी माणसं मात्र सगळीच वाचली नाहीत. इथल्याच रोगार्शेव्स्की कुटुंबातले वडील कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायचे. 1918 साली ते क्षयाने गेले. क्षयाला तिथे शिंप्यांचा रोग म्हणत. बाळं वाचवणारी वस्ती बापाला वाचवू शकली नाही, हे त्या बिऱ्हाडात उभं राहिलं की फार लागतं.

म्युझियमला माझे 5 पैकी 5. पायी सहलीला 2, तेही रस्त्यासाठी. जर्सी सिटीहून पाथ रेल्वेने 33व्या रस्त्यावर या, तिथून एफ गाडीने डिलान्सी स्ट्रीट. तिकिटं आधी काढा. फेऱ्यांचे विषय बदलत असतात, तेव्हा कुठल्या कुटुंबाची फेरी आहे ते बघूनच निवडा. नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं घरात असतील तर त्यांना जरूर न्या, आणि दूध कुठून यायचं हे मार्गदर्शकाला विचारायला सांगा.