एअरबॅगच्या जागी पाच रुपयांचा रेझिस्टर : जुनी गाडी घेताना मी कसा फसलो

आधीच सांगतो, मी बावळट नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर २२ वर्षं जमाखर्च लिहितोय. पोत्यात हात घातला की ओल किती, माती किती, ते सांगतो. आणि मीच ५,८५,००० रुपये मोजून वरचं पॉलिश घरी घेऊन आलो. हे लिहायला चार महिने लागले, कारण यार्डातली निम्मी माणसं हे वाचणार आणि उद्या चहाला हसणार. हसू देत.

गाडी २०२० ची, पुणे पासिंग, सिंगल ओनर, ४१,००० किलोमीटर. घेतली एका कार बाजारातून. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तंबी दिलीय.

सांगलीत जुनी गाडी घेणारा माणूस एकाच भुताला घाबरतो, महापुराला. २०१९ ला आणि २०२१ ला किती गाड्या पाण्याखाली गेल्या आणि धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या, ते इथं पोराटोरांना माहीत आहे. मीही टॉर्च घेऊन गेलो. कार्पेट उचललं, सीटखालचे बोल्ट बघितले, बेल्ट पार शेवटापर्यंत ओढून गाळाची रेघ शोधली, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवलं. डीलर कौतुकानं बघत उभा. म्हणाला, "काका, तुमच्यासारखं चोखंदळ गिऱ्हाईक नाही बघितलं." पुराची गाडी नव्हतीच ती. ठोकलेली होती. मी चुकीच्या चोराला शोधत बसलो आणि खरा चोर मला चहा पाजत होता.

आता ज्याची आठवण आली की मला रात्री झोप लागत नाही, ते.

दार उघडल्यावर आत वास आला. सोल्युशनचा, चपला चिकटवायला वापरतात तसा. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर हात ठेवला तर रेक्झिन जरा मऊ लागलं, आणि कडेला एक शिवण इतर शिवणींपेक्षा किंचित वर आलेली. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "सीट कव्हर नवीन टाकलंय काका, त्याचा वास." सीट कव्हरला शिवतात, चिकटवत नाहीत, एवढं मला त्या वेळी सुचू नये?

दुसरं म्हणजे जुनी पॉलिसी. ती माझ्या हातात होती. पाच वर्षांची गाडी, एकच मालक, "एक क्लेम नाही" असं तो छातीठोक सांगत होता. मग शेवटच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, ४५ टक्के हवा. होता २० टक्के. म्हणजे मध्ये क्लेम झाला, बोनस शून्यावर आला आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला लागला. आकडे लिहून पोट भरणारा माणूस मी, तो आकडा वाचला आणि पुढचं पान उलटलं. पाडव्याचा मुहूर्त होता, साडेअकराच्या आत गाडी न्यायची होती, हार आणला होता, नारळ आणला होता.

माझी बाजूही ऐका. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागत होता आणि चार-पाच सेकंदांनी विझत होता, जसा विझायला पाहिजे तसाच. याहून जास्त सामान्य माणसानं काय तपासायचं? स्टिअरिंग फोडून बघायचं? (होय, जवळजवळ तेच. पुढं येतो.)

पैसे असे दिले : टोकन ११,००० रोख, नंतर १,७४,००० रोख, आणि ४,००,००० बँकेचं कर्ज. पावती फक्त चार लाखांची. "टॅक्स कशाला भरता काका." रोख देऊ नका. भाऊ असला तरी देऊ नका.

डिसेंबरात सांगली-तासगाव रस्त्यावर रात्री पावणेआठला उसाच्या डबल ट्रॉलीला मागून धडकलो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, हा हंगाम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वेग पन्नासच्या आसपास, बेल्ट दोघांनी लावलेले. एकही एअरबॅग उघडली नाही. माझं नाक आणि दोन दात, बायकोचं मनगट मोडलं आणि कपाळाला आठ टाके. मिरजेतल्या दवाखान्याचं बिल १,३८,४०० झालं, त्यातले ९०,००० मेडिक्लेमनं दिले. ट्रॉलीवाल्याविरुद्धचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात जातो, तो वेगळा विषय.

मी आधी कंपनीवर तुटून पडलो. भाच्यानं सर्वोच्च न्यायालयाचा २० एप्रिल २०२२ चा निकाल पाठवला होता. क्रेटा गाडी, २०१७ ला दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात, एअरबॅग उघडल्या नाहीत. कंपनीचं म्हणणं, धडकेचा जोर पुरेसा नव्हता. न्यायालय म्हणालं, गिऱ्हाईक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो की वेगाची आणि बलाची गणितं मांडून धडकेचा जोर काढेल. गाडी बदलून द्या आणि वर एकूण तीन लाख द्या, हा आयोगाचा आदेश कायम राहिला. मला वाटलं, झालं, आपलंही काम फत्ते. ५,००० रुपये देऊन नोटीस पाठवली.

कंपनीचा इंजिनिअर गॅरेजवर आला. तरुण पोरगा, बोलायला सरळ. त्यानं स्टिअरिंगचं पॅड काढून माझ्या हातात दिलं. आत काही नव्हतं. जिथं बॅग घडी घालून बसवलेली असते तिथं पोकळी, आणि पिवळ्या कनेक्टरच्या तोंडाशी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा सुटा भाग, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा. त्यामुळं गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे, म्हणून दिवा शहाण्यासारखा विझतो. पाच रुपयांची वस्तू. डाव्या बाजूचं रेक्झिन सोललं तर खाली फाटलेला डॅशबोर्ड, फायबरनं बुजवलेला. कंपनीच्या नोंदीत सगळं होतं : २०२२ च्या शेवटी समोरून अपघात, दोन्ही बॅगा उघडलेल्या, मालकानं दुरुस्ती न करता गाडी नेली. चेसिस नंबर देऊन ही माहिती मी पाडव्याआधी मागितली असती तर? विचारू नका.

त्या मालकाला पुण्याला फोन केला. म्हणाला, "एअरबॅग नाहीत हे सांगूनच मी त्याला ३,९०,००० ला दिली." लेखी द्या म्हटल्यावर फोन बंद.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं प्रकरण आहे. कलम ८४ कंपनीसाठी, ८६ विकणाऱ्यासाठी. गाडीत मूळचा दोष असेल तर कंपनी. विकणाऱ्यानंच वस्तूत फेरफार केला आणि त्या फेरफारामुळं इजा झाली तर विकणारा, ते ८६ मध्ये स्वच्छ लिहिलंय. डीलर ८७ दाखवतो : इजेच्या वेळी वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्यावर दावा नाही. म्हणजे भांडण एवढंच की फेरफार कुणी केला. माझ्याकडं उत्तर आहे तो सोल्युशनचा वास, आणि वास पुराव्यात लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीला फी शून्य, त्यापुढं दहा लाखांपर्यंत २०० रुपये. माझ्या कागदावर चारच लाख, म्हणजे २०० रुपये वाचले. १,८५,००० बुडाले, पण २०० वाचले.

गाडी दुरुस्त करू नका, भंगारात देऊ नका, तिला हातसुद्धा लावू देऊ नका. तीच पुरावा. माझी गॅरेजवर उभी आहे, दिवसाला १५० रुपये भाडं. हप्ता ९,३०७, तोही चालूच.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "गाडी तुमच्या नावावर, सह्या तुमच्या, मग फसवलं कुणी?" तिसऱ्यांदा, "दिवाणी मामला आहे, बाहेर मिटवून घ्या." बायकोच्या कपाळाचे टाके दिवाणी आहेत का? पंचनाम्यात एअरबॅग उघडल्या नाहीत ही एक ओळ लिहून घ्यायला मी विसरलो, तुम्ही विसरू नका. गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकारी. मी स्पीड पोस्टानं पाठवली. पोच आली. फक्त पोच.

आरटीओत सांगितलं, गाडी ट्रान्स्फर झाली, आमचं काम संपलं, एअरबॅग आम्ही बघत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं प्रमाणपत्र लागतं. याच्याकडं आहे का, विचारलं. "अर्ज द्या." दिला. "दुसऱ्या टेबलावर द्या." तिथला माणूस जेवायला. शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचारलं. उत्तर आलं, सदर नावाने प्रमाणपत्र दिल्याची नोंद आढळून येत नाही. म्हणजे विनापरवाना दुकान, वर दहा फुटांचा बोर्ड, समोरून रोज तुमच्याच गाड्या जातात, आणि नोंद आढळून येत नाही! कारवाई काय करणार विचारलं तर म्हणाले, तशी लेखी तक्रार द्या.

आयोगात समोरच्याला उत्तराला ३० दिवस, वर १५ वाढवून. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच. मला आत्ताच दुसरी तारीख पडलीय.

डीलरचं म्हणणं ठरलेलं : मी फक्त ओळख करून दिली, विक्री मालकानं केली. ट्रान्स्फरच्या कागदावर त्याचं नाव नाहीच, मालकाची सही आणि माझी सही. चार लाख बँकेनं त्याच्या खात्यात टाकले, तर म्हणतो मालकाला पोचवले.

त्याला खोटं पाडणारी दुसरी एकच गोष्ट माझ्याकडं आहे. पाडव्याला त्यानं आमचा फोटो काढून बाजाराच्या पेजवर टाकला होता. मागं त्याचा बोर्ड, मध्ये पुठ्ठ्याची मोठी किल्ली, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, बायकोच्या हातात नारळ. खाली लिहिलंय, आमच्याकडून गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन. नोटीस पोचली त्याच संध्याकाळी त्यानं फोटो उडवला, पण भाच्यानं आधीच स्क्रीनशॉट घेतला होता. वकिलांनी नव्या पुरावा कायद्याच्या (भारतीय साक्ष्य अधिनियम) कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते प्रमाणपत्र जोडून तो तक्रारीला लावलाय. परिशिष्ट ४. बायको म्हणते, दुसरा कुठला फोटो नाही का.