माउंट करताना प्रकार सांगावा की ओळखू द्यावा?

लिनक्समध्ये डिस्क जोडताना दोन वाटा असतात: माउंट आज्ञेला 'टी' पर्यायाने फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा) प्रकार सांगायचा, किंवा तो तिलाच ओळखू द्यायचा.

ओळखण्याचं काम लिबब्लकआयडी ही लायब्ररी करते. प्रत्येक फाइलसिस्टिमची खूण ठरलेल्या जागी असते. एक्सएफएसची चार अक्षरं अगदी सुरुवातीला, ईएक्सटी४ची खूण १०८०व्या बाइटपाशी, तर बीटीआरएफएसचा सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) ६४ किलोबाइटनंतर. पार्टिशन टेबलातला, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीतला, प्रकाराचा आकडा इथे निर्णायक नसतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. पेनड्राइव्ह, अनोळखी डिस्क यांसाठी ही वाट उत्तम.

अडचण येते ती जुन्या डिस्कवर. आधीच्या फाइलसिस्टिमची खूण पुसली गेली नसेल, तर दोन खुणा सापडतात आणि लायब्ररी अंदाज बांधायला नकार देते. हा नकार मला फार मोलाचा वाटतो, कारण चुकीचा अंदाज डेटावर बेतू शकतो. अशा वेळी वाइपएफएस या खुणा दाखवणाऱ्या व पुसणाऱ्या आज्ञेने आधी खुणा नुसत्या पाहाव्यात. पुसण्याची घाई नको.

प्रकार स्वतः सांगितला, तर निवड आपल्या हाती राहते. विंडोजची फाइलसिस्टिम एनटीएफएस हे चांगलं उदाहरण: खूण एकच, पण चालक (ड्रायव्हर) दोन. जुना एनटीएफएस-३जी आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ५.१५ मध्ये आलेला एनटीएफएस३. कोणता हवा, हे डिस्क सांगू शकत नाही. मात्र प्रकार चुकला, तर माउंट सरळ अडतं.

कायमच्या डिस्कसाठी मी एफएसटॅबमध्ये, म्हणजे आपोआप जोडायच्या डिस्कच्या यादीत, यूयूआयडीसोबत (फाइलसिस्टिमच्या एकमेव ओळखक्रमांकासोबत) प्रकार लिहितोच. फाइलसिस्टिम तपासणारी एफएससीके आज्ञाही तपासणीचं साधन तिथूनच निवडते.