छातीतली रक्तवाहिन्यांची गाठ, आईचं ऑपरेशन: आमचा अनुभव
आईला त्रास असा काहीच नव्हता, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत छातीत सावली दिसली. आधी जिथे गेलो तिथे लगेच सुई घालून तुकडा काढू म्हणाले. नंतर जिथे ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या सर्जन मॅडमनी मात्र आधी कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी केला, त्यात गाठ हळूहळू उजळत गेली, आत कॅल्शियमचे गोल ठिपके पण दिसले, तेव्हा त्या म्हणाल्या की ही हेमँजिओमा असू शकते, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच गाठ, सुई घातली तर रक्तस्राव व्हायची भीती आणि निदान तरीही बऱ्याचदा लागत नाही. मेडियास्टिनममधल्या, म्हणजे दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेतल्या, गाठींत ही ०.५ टक्क्यांहूनही कमी असते म्हणे, म्हणून ओळखणारा माणूस भेटणं किती मोठी गोष्ट!

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पण गरज पडली तर छाती उघडायची तयारी आणि रक्त आधीच आणून ठेवलेलं, सगळं चित्र काढून समजावलं आम्हाला. गाठ अख्खी निघाली. ड्रेन (छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) काढेपर्यंत दुखलं खूप, नर्सेसनी मात्र रात्ररात्र सांभाळलं तिला.

तक्रार एकच, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कधी येणार ते कुणी नीट सांगेना, ते दिवस फार जड गेले. शेवटी आला, हेमँजिओमाच, कॅन्सर नाही. मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं.