टक् ऐकू आलं नाही, तिथेच कळायला हवं होतं

वडिलांची अर्धा इंची बेंच ड्रिल आहे. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जड, त्यांनी १९७१ मध्ये घेतलेली. मोटर अर्ध्या एचपीची, सिंगल फेज, १४४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे. दिवाळीनंतर ती नुसती हूं करून जागेवर थरथरायला लागली. पुलीला हाताने झटका दिला की मात्र व्यवस्थित फिरायची.

या एका वाक्यात सगळं निदान होतं. हाताने ढकलल्यावर मोटर वेग घेते आणि चालत राहते म्हणजे मुख्य वाइंडिंग, मोटर फिरवणारी तारेची गुंडाळी, शाबूत आहे. दोष असलाच तर सुरुवात करून देणाऱ्या भागात, म्हणजे कंडेन्सर, सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आल्यावर आपोआप सुटणारा) किंवा स्टार्टिंगची कॉइल. मला हे माहीत होतं. तरीही समोरच्याने आत्मविश्वासाने सांगितलं की आपलं शहाणपण कुठे पळतं कोण जाणे.

पुण्यातल्या एका वाइंडिंगवाल्याकडे, म्हणजे मोटरमध्ये नवी तार भरून देणाऱ्याकडे, मोटर नेली. दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलावर काळी ठिक्कर कॉइल. "काका, हे बघा, सगळी जळाली. पूर्ण भरावी लागेल. स्विचही गेलाय, या जुन्या मोटरचा नवा कुठून मिळणार? माझ्याकडे एका काढलेल्या मोटरचा आहे, तो बसवतो." कॉइल आधीच कापून ठेवलेली होती. ती माझ्याच मोटरची कशावरून, हे विचारायचं सुचलं नाही. इतकी जळालेली मोटर आदल्या दिवशी हाताच्या झटक्यावर कशी फिरत होती, हेही नाही. ३,२०० रुपये ठरले. बिलावर स्वच्छ अक्षरात 'रिवाइंडिंग कॉपर' लिहिलेलं.

मोटर घ्यायला गेलो तेव्हा त्याने बटण दाबून दाखवलं. फिरली. पाच-सात सेकंदांत बंद केली. मी खूश. जुने पार्ट मागितले तर एका पिशवीत माझा जुना स्विच दिला. तार मात्र "भंगारात गेली". तांब्याच्या भंगाराला किलोला शेकड्यांत भाव मिळतो, आणि माझ्या मोटरमधलं तांबं किलोभर तरी असणार. ते बिलातून कुठेच वजा नव्हतं.

घरी मशीनवर चढवली. दहा मिनिटांत वार्निशचा वास, मग धूर, मग फट्‌ आवाज करून कंडेन्सर फुटला.

दुसरा कारागीर म्हातारा, कमी बोलणारा. त्याने आधी बसवलेला स्विच हातात घेतला आणि विचारलं, "चालू केल्यावर टक् आवाज आला होता का?" मी आठवलं. नव्हता आला. पूर्वी मोटरने वेग घेतला की टक् व्हायचं, बंद केल्यावर वेग उतरताना पुन्हा एकदा. चाळीस वर्षं ऐकलेला आवाज, आणि नेमका तोच गेलेला मला कळला नाही.

त्याने समजावलं ते असं. मोटर पूर्ण वेगाच्या पाऊण भागापर्यंत पोचली की शाफ्टवरची वजनं बाहेर फेकली जातात आणि स्विच स्टार्टिंगच्या कॉइलची वीज तोडतो. १४४० च्या मोटरला हे साधारण ११०० च्या आसपास व्हायला हवं. मला बसवलेला स्विच पाण्याच्या पंपाचा, २८०० वाल्या मोटरचा. तो सुटणार २१०० च्या पुढे. माझी मोटर जन्मात तिथे पोचणार नाही. म्हणजे काही सेकंदांसाठी असलेली कॉइल आणि कंडेन्सर कायमचे लाइनवर. दुकानात पाच-सात सेकंदच का चालवून दाखवली, ते तेव्हा उमगलं.

मग त्याने वायरवर ब्लेड फिरवलं. तांबूस रंग निघाला आणि खाली पांढरं. अ‍ॅल्युमिनियम. काढलेली तार मुठीत धरली तर हलकी फुल. वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अ‍ॅल्युमिनियमची मोटर मुळातच वाईट असं नाही, कारखाने बनवतात, पण ते तार बसायच्या खाचा तशा मोठ्या ठेवतात. तांब्यासाठी कापलेल्या खाचेत त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियम तार भरली तर विजेला विरोध दीडपटीहून जास्त. स्विच बरोबर असता तरी ही मोटर तापतच राहिली असती.

पहिल्याकडे बिल घेऊन गेलो. "आजकाल सगळे हेच भरतात," म्हणाला. 'कॉपर' शब्दावर बोट ठेवलं तर, "ते छापील बुक आहे." ते छापील नव्हतं, पेनाने लिहिलेलं होतं. तासभर वाद घालून ५०० रुपये परत मिळाले.

तुम्ही मोटर भरायला देणार असाल तर ती तुमच्यासमोर उघडून घ्या आणि आतला फोटो काढा. भरताना वायरचा एक तुकडा मागून ब्लेडने खरवडा. जुनी तार वजन करून परत घ्या किंवा तिचे पैसे बिलातून कापायला लावा. काढलेला पार्ट बसवत असतील तर तो ज्या मोटरचा आहे तिची माहितीची प्लेट (वेग, एचपी लिहिलेली) दाखवायला सांगा, प्लेट नसेल तर नको. आणि दुकानात निदान दहा मिनिटं चालवून टाँग टेस्टरवर (वायरभोवती पकडून वीजप्रवाह मोजायचं मीटर) अँपिअर बघा.

म्हाताऱ्याने तांब्यात मोटर भरली, नवा कंडेन्सर घातला. स्विचचं काय, विचारलं तर माझ्या पिशवीतला जुनाच काढला, काजळी धरलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासले, स्प्रिंग दाबून पाहिली आणि तोच बसवला. "एवढंच झालं होतं याला," म्हणाला.